सादळणं, मुरणं आणि बुरसणं : दमट कोठारातल्या चहाचं विज्ञान



पावसाळ्यात पापड सादळतो. बरणीतलं लोणचं मुरतं. डब्यात विसरलेली भाकरी बुरसते. तिन्ही ठिकाणी पाणी आणि वेळ यांचंच काम चाललेलं असतं, पण आपल्या भाषेने त्यासाठी तीन वेगळी क्रियापदं ठेवली आहेत. पहिल्यात पदार्थ नुसता मऊ पडतो, दुसऱ्यात त्याची चव सुधारते आणि तिसऱ्यात तो फेकून द्यावा लागतो.

चीनमध्ये एक चहा असा आहे की ज्याच्या बाबतीत ही तिन्ही क्रियापदं एकाच कोठारात शेजारी शेजारी नांदतात. व्यापारी तो चहा मुद्दाम दमट जागेत ठेवतात, म्हणजे तो लवकर मुरतो. पण जरा लक्ष चुकलं की तोच चहा बुरसतो. हे नेमकं कसं घडतं, दमटपणामुळे वेग का वाढतो आणि त्या वेगाची किंमत काय, हे आज समजून घेऊ. आर्द्रता, दवबिंदू, सूक्ष्मजीव आणि विकरं हे आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. इथे ते सगळं एकाच उदाहरणात भेटतं. लेखाच्या शेवटी वर्गात करण्याजोगा एक सोपा प्रयोगही दिला आहे.

हा चहा कोणता?

या चहाचं नाव पू-अर. चीनच्या नैऋत्येला युन्नान प्रांत आहे, तिथला हा चहा. तिथल्या पू-अर या बाजारपेठेच्या गावावरून त्याला हे नाव पडलं. तो मोठ्या पानांच्या चहाच्या झाडापासून बनतो. वनस्पतिशास्त्रात या वाणाला 'असामिका' म्हणतात, म्हणजे आपल्या आसामच्या चहाचा हा सख्खा भाऊच. मग आसामचा चहा दमट जागेत ठेवला तर तो का मुरत नाही? उत्तर पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेत आहे.

आपण रोज पितो तो काळा चहा बनवताना पानं चुरडतात, त्यांचा रस हवेला लागू देतात आणि मग गरम हवेच्या यंत्रात खडखडीत वाळवतात. चुरडल्यावर पान तांबूस होतं, त्या क्रियेला चहाच्या धंद्यात सर्रास 'फर्मेंटेशन' म्हणतात. पण ते खरं किण्वन नाही. त्यात सूक्ष्मजीवांचं काम जवळपास नसतंच. पानातल्याच विकरांमुळे ऑक्सिडीकरण होतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तसंच. शेवटी गरम हवेने ही विकरं निकामी होतात आणि बदल तिथेच थांबतो. असा चहा दमट जागेत ठेवला तर तो फक्त सादळतो आणि त्याचा वास जातो.

पू-अरची पानं मोठ्या कढईत परततात, पण बेताने. त्यामुळे पानातली बरीचशी विकरं थांबतात, पण सगळी नाही. मग पानं चोळून उन्हात वाळवतात. या उन्हात वाळलेल्या कच्च्या मालाला 'माओछा' म्हणतात. पुढे त्याला वाफ देऊन, दाबून चकत्या बनवतात. एका चकतीचं पारंपरिक वजन ३५७ ग्रॅम आणि अशा ७ चकत्यांची एक जुडी. चीनच्या २००८ च्या राष्ट्रीय मानकानुसार युन्नानमधल्या ठरावीक भागातल्या, मोठ्या पानांच्या, उन्हात वाळवलेल्या चहापासून बनलेल्या मालालाच पू-अर म्हणता येतं.

थोडक्यात, यंत्रात वाळवलेल्या चहाची गोष्ट कारखान्यातच संपते. उन्हात वाळवलेल्या या चहाची गोष्ट कोठारात सुरू होते.

'मुरतो' म्हणजे पानात काय होतं?

ताजा कच्चा पू-अर कडू आणि तुरट लागतो. हा तुरटपणा मुख्यतः कॅटेचिन या गटातल्या पदार्थांमुळे येतो. चहा मुरतो तसे हे पदार्थ कमी होतात. त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि त्यांतून तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. म्हणून नव्या चहाचा पिवळसर काढा वर्षं उलटतात तसा केशरी, मग लालसर तपकिरी होत जातो. चव मऊ होते, तुरटपणा उतरतो.

हे काम दोघं मिळून करतात. पहिला हवेतला ऑक्सिजन, जो संथपणे आपलं काम करत राहतो. दुसरे सूक्ष्मजीव, म्हणजे पानांवर वाढणाऱ्या बुरश्या, यीस्ट आणि जिवाणू. यातली एक महत्त्वाची बुरशी म्हणजे ॲस्परजिलस नायगर. वरच्या वर्गांच्या विज्ञानात सायट्रिक आम्ल कसं बनवतात हे शिकवताना हिचं नाव येतं. ही बुरशी पानावर वाढताना आपली विकरं बाहेर सोडते. ती विकरं पेशीभित्तिका सैल करतात आणि तुरट पदार्थ मोडतात.

आता कळीचा मुद्दा. कोरड्या चहाच्या पानात वजनाच्या साधारण १० टक्केच पाणी असतं. एवढ्या कमी पाण्यात सूक्ष्मजीव जवळजवळ झोपलेले असतात. विकरांनाही काम करायला पाणी लागतं. पानाला थोडं जास्त पाणी मिळालं की ही सगळी मंडळी जागी होतात. म्हणजे दमट कोठार काळाला पळवत नाही. ते फक्त कामगारांना पाणी देतं. काम वेगाने झालं की आपण म्हणतो, चहा लवकर 'म्हातारा' झाला.

हवेतलं पाणी कसं मोजायचं?

दहावीच्या 'उष्णता' या धड्यात सापेक्ष आर्द्रता येते. मुलं व्याख्या पाठ करतात, पण तिचा उपयोग त्यांना दिसत नाही. चहाचं कोठार हा तिचा उत्तम उपयोग आहे.

३० अंश सेल्सिअसला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांना मात्र सुमारे १७ ग्रॅमच मावतं. समजा कोठारात तापमान ३० अंश आहे आणि दर घनमीटरमागे २१ ग्रॅम बाष्प आहे. मग सापेक्ष आर्द्रता किती? २१ भागिले ३०, म्हणजे ७० टक्के. चहासाठी हे ठीक आहे.

आता रात्री कोठाराची एक भिंत २० अंशांपर्यंत थंड झाली. भिंतीलगतच्या हवेत १७ ग्रॅमच मावणार. उरलेल्या ४ ग्रॅमचं काय होईल? ते पाणी होऊन भिंतीवर जमेल. कोठाराच्या मधोमध ७० टक्के आर्द्रता, आणि भिंतीला टेकलेली चहाची पेटी मात्र ओली! म्हणून जाणकार कोठारवाले चहा भिंतीला टेकवत नाहीत, जमिनीवर थेट ठेवत नाहीत आणि थप्प्यांमध्ये हवा खेळायला जागा सोडतात. हाच हिशोब मुलांना फळ्यावर करायला द्या, दवबिंदू पाठ करावा लागणार नाही.

आणखी एक बारकावा. पान किती पाणी शोषेल हे मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेवर ठरतं. पण त्या पाण्यात क्रिया किती वेगाने होतील हे तापमानावर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून नुसता दमटपणा पुरत नाही, त्याला ऊब लागते. थंड आणि दमट तळघरात चहा मुरण्याऐवजी त्याला कुबट वास लागण्याची शक्यता जास्त.

हाँगकाँगच का?

पू-अर पिकतो युन्नानमध्ये, पण दमट कोठारांची परंपरा वाढली ती समुद्रकाठच्या हाँगकाँगमध्ये. युन्नानची राजधानी कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा वर्षभर सौम्य, वार्षिक सरासरी तापमान १५-१६ अंशांच्या आसपास आणि हिवाळा-वसंत कोरडा. अशा हवेत कच्चा चहा मुरतो, पण फार सावकाश. तुरटपणा उतरायला कित्येक वर्षं लागतात. हाँगकाँगमध्ये सरासरी तापमान २३ अंशांच्या आसपास आणि वर्षाचा मोठा काळ हवा दमट. आपल्या कोकण किनाऱ्याची आठवण यावी अशी.

शिवाय तिथे गिऱ्हाईक होतं. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत सकाळी वाफवलेल्या छोट्या पदार्थांबरोबर चहा पिण्याची जुनी पद्धत आहे. तेलकट खाण्याबरोबर गडद, मऊ चवीचा चहा लोकांना आवडतो. तिथे त्याला कँटनी भाषेत 'बो-ले' म्हणतात. हा काही श्रीमंतांचा चहा नव्हता, रोजचाच होता. व्यापाऱ्यांना तो वीस-वीस वर्षं सांभाळून परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी कोठारालाच कामाला लावलं.

पद्धत ढोबळमानाने अशी. चहा आधी तळमजल्यावरच्या किंवा अर्धवट जमिनीखालच्या, उबदार आणि दमट, कमी हवेशीर कोठारात ठेवायचा. काही महिन्यांनी थप्प्या हलवायच्या. खालच्या पेट्या वर, आतल्या बाहेर, कारण जमिनीजवळ ओलावा जास्त असतो आणि सगळा माल सारखा मुरला पाहिजे. चहा पुरेसा बदलला असं वाटलं की त्याला त्या कोठारातून काढून कोरड्या, हवेशीर कोठारात हलवायचं. या शेवटच्या टप्प्याला चिनीत 'थुई-त्सांग' म्हणतात, म्हणजे कोठारातून माघार घेणं. या काळात चहातला जादा ओलावा आणि कोठाराचा कुबट वास उतरतो. हा टप्पाही महिने, कधी वर्षं चालतो.

खरं कौशल्य या माघारीत आहे. ओलावा देणं कुणालाही जमतं. तो कधी थांबवायचा हे हाताला, नाकाला आणि जिभेला कळावं लागतं. दमट कोठार ही 'ठेवा आणि विसरा' अशी पद्धत नाही. लोणच्याची बरणी रोज हलवणाऱ्या आजीला हे वेगळं सांगायला नको.

वर्षांचं काम दोन महिन्यांत

घाई इथेच थांबली नाही. १९७३ मध्ये कुनमिंगच्या चहा कारखान्याने नवी पद्धत बसवायला सुरुवात केली. ग्वांगडोंग प्रांतात चहा ओलावून लवकर गडद करण्याचे प्रयत्न आधीपासून चालू होते, त्यांचा अभ्यास करून हे काम पुढे नेलं गेलं. कुनमिंग कारखान्याच्या वू छीयिंग आणि मंगहाई कारखान्याचे झोउ बिंगलियांग यांची नावं या कामाशी जोडली जातात. या पद्धतीला 'वो-दुई' म्हणजे ओला ढीग असं म्हणतात.

यात माओछाचा मोठा ढीग करून त्यावर पाणी मारतात आणि तो झाकून ठेवतात. सूक्ष्मजीव भराभर वाढतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते आणि ढिगाचं आतलं तापमान ५०-६० अंशांपर्यंत चढतं. शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर जशी ऊब लागते, तीच ही ऊब. ढीग फार तापू नये, सगळीकडे हवा पोहोचावी म्हणून तो ठरावीक दिवसांनी उलथावा लागतो. साधारण ४५ ते ६० दिवसांत चहा गडद तपकिरी होतो. याला 'पिकवलेला' पू-अर म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या चहाला 'कच्चा' पू-अर.

आता तिन्ही वेग शेजारी ठेवून पाहा. कुनमिंगच्या कोरड्या हवेत दशकं, हाँगकाँगच्या दमट कोठारात काही वर्षं, ओल्या ढिगात दोन महिने. कामगार थोडेफार तेच, फरक पाणी आणि उष्णतेचा. पण तिन्हींची चव सारखी होते का? नाही. दोन महिन्यांत पिकवलेला चहा गडद आणि मऊ होतो, पण सावकाश मुरलेल्या कच्च्या चहातले वासाचे पदर त्यात तसेच्या तसे येत नाहीत. कारण वेग वाढवला की सगळ्याच क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. काही पुढे पळतात, काही मागे राहतात. मंद आचेवरची आमटी आणि कुकरमधली आमटी यांत जो फरक असतो, तसाच.

घाईची किंमत

पहिली किंमत चवीची. जास्त ओलावा मिळालेल्या चहाला तळघराचा वास लागतो. पानं काळपट, निस्तेज होतात. गरम पाण्यात टाकल्यावर चांगलं मुरलेलं पान उलगडतं आणि बोटाला मऊ लागतं. फार ओलाव्याने खराब झालेलं पान ताठ, काळं राहतं, नीट उलगडत नाही.

दुसरी किंमत विश्वासाची. जुना चहा महाग विकला जातो. मग दोन-चार वर्षांचा चहा दमट जागेत गडद करायचा आणि वीस-तीस वर्षांचा म्हणून विकायचा, हा मोह होतोच. २००७ मध्ये पू-अरचे भाव आधी भडकले आणि त्याच वर्षी कोसळले. अशा तेजीत वेष्टनावरचं वर्ष आणि पानाचं खरं वय यांची फारकत व्हायला वेळ लागत नाही. रंग गडद आहे म्हणजे चहा जुना आहे, असं नाही. रंग पाण्याने मिळवता येतो. मुलांना पुरावा आणि निष्कर्ष यांतला फरक शिकवायला हे उदाहरण छान आहे.

तिसरी किंमत आरोग्याची, आणि पालकांनी ही नीट वाचावी. 'बुरशी वाईट' हे जितकं अपुरं आहे, तितकंच 'चिनी लोक बुरशीचा चहा पितात, मग आपल्याला काय होतंय' हेही चूक आहे. हूनान प्रांतात एका प्रकारच्या विटेसारख्या चहात पिवळे ठिपके देणारी बुरशी मुद्दाम वाढवतात, तिला 'सोनेरी फुलं' म्हणतात. पण पिवळट-हिरवी दिसणारी ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी शेंगदाणे, मका अशा धान्यांवर वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. रंग पाहून आपल्याला दोघींतला फरक ओळखता येत नाही. आणि हे विष घरच्या उकळण्याने, भाजण्याने पुरतं जातही नाही. म्हणून घरचा नियम साधा आहे: जिथे बुरशी ठरवून, ओळखून, ताब्यात ठेवून वाढवली आहे तिथेच ती मित्र. आपोआप आलेली बुरशी दिसली की पदार्थ फेकायचा. खरवडून, ऊन दाखवून वापरायचा नाही. शेंगदाण्याचा खवट, बुरसट दाणा तर मुलांना तोंडातून थुंकायलाच सांगावा.

मग आपल्या घरात काय करायचं?

आपला रोजचा चहा आणि ग्रीन टी हवाबंद डब्यात, कोरड्या जागी, मसाल्यांपासून दूर ठेवायचा. तो मुरत नाही, फक्त सादळतो. कुणी हौसेने कच्च्या पू-अरची चकती आणली असेल, तर हौशी लोक ती साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रतेत, वास नसलेल्या जागेत ठेवतात आणि छोटा आर्द्रतामापक जवळ ठेवतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातली उघडी हवा याहून कितीतरी दमट असते. तिथे चहाला ओलावा देण्याची नाही, त्यापासून जपण्याचीच गरज आहे.

दमट हवेचा असाच उपयोग आपल्या देशातही होतो. पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडे कॉफीच्या बिया पावसाळ्यात मुद्दाम उघड्या कोठारांत पसरतात. मोसमी वाऱ्याने त्या फुगतात, फिकट पिवळ्या होतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. शिडाच्या जहाजांच्या काळात युरोपला जाताना समुद्रावर हे आपोआप घडायचं. ती चव पुढे किनाऱ्यावरच मिळवली गेली. या कॉफीला 'मॉन्सून्ड मलबार' म्हणतात.

वर्गात करून पाहा

साहित्य : झाकणाच्या ३ पारदर्शक बरण्या, ३ छोट्या वाट्या, कोरडे टोस्ट, मीठ, पाणी, सिलिका जेलच्या पुड्या (नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात), चिकटपट्टी.

१. पहिल्या बरणीतल्या वाटीत सिलिका जेल ठेवा. ही कोरडी बरणी.

२. दुसरीतल्या वाटीत मीठ घेऊन जेमतेम भिजेल एवढंच पाणी घाला. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. अशा संपृक्त मिठामुळे बंद बरणीत आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर टिकते.

३. तिसरीतल्या वाटीत साधं पाणी ठेवा. इथे आर्द्रता १०० टक्क्यांकडे जाते.

४. प्रत्येक बरणीत वाटीबाहेर टोस्टचा सारखा तुकडा ठेवा. तो पाण्याला लागू देऊ नका. झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा. तिन्ही बरण्या एकाच जागी, सावलीत ठेवा.

दोन-तीन आठवडे रोज निरीक्षण लिहून घ्या. सहसा पहिल्या बरणीतला टोस्ट कुरकुरीत राहतो, दुसरीतला सादळतो आणि तिसरीतला बुरसतो. बरण्या पुन्हा उघडायच्या नाहीत. प्रयोग संपला की तिसरी बरणी शिक्षकांनीच, बंद अवस्थेत, टाकून द्यावी. म्हणून त्यासाठी टाकाऊ बरणीच घ्या. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या.

मग मुलांना हे प्रश्न विचारा :

– तिन्ही बरण्या एकाच जागी का ठेवल्या?

– दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीतला फरक फक्त २५ टक्क्यांचा आहे. मग परिणामात एवढा फरक का?

– हाच प्रयोग हिवाळ्यात केला तर काय बदलेल?

– टोस्ट सादळला, बुरसला, पण मुरला का नाही?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात थोडा वेळ द्या. टोस्टला पाणी मिळालं, वेळही मिळाला. पण कोणत्या बुरशीने वाढावं हे कुणी ठरवलं नव्हतं आणि वेळेवर कोरड्या जागी कुणी हलवलं नव्हतं. मुरण्याला पाणी आणि वेळ लागतो हे खरं, पण लक्ष ठेवणारा माणूसही लागतो. मुलं हे आपल्या शब्दांत सांगू लागली की धडा पोहोचला असं समजा.

प्रयोग केलात तर मुलांची निरीक्षणं आणि त्यांची उत्तरं जरूर कळवा.